वकिलाची सनद आणि वकिलाचा अभ्यास

लबाड माणसाला ‘चारशेवीस’ म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. 1860 च्या भारतीय दंडसंहितेतील फसवणुकीचे ते कलम. 1 जुलै 2024 रोजी भारतीय न्याय संहिता अमलात आली आणि फसवणूक कलम 318 मध्ये जाऊन बसली. खुनाचे 302 होते, ते 103 झाले. आपल्या बोलण्यातला ‘चारशेवीस’ खुशाल राहो, पण वकिलाच्या अर्जात तो राहून कसे चालेल? त्यातही त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू असल्यामुळे वकिलाला आणखी कित्येक वर्षे दोन्ही कायदे जवळ बाळगावे लागणार आहेत.

हा नवा अभ्यास त्याने केला की नाही, हे पाहणारे मात्र कोणी नाही. 1961 च्या अधिवक्ता अधिनियमाखाली सनद मिळाली आणि 2011 पासून घेतली जाणारी अखिल भारतीय बार परीक्षा एकदा उत्तीर्ण झाली, की पुढे चाळीस वर्षे पुस्तक उघडले नाही तरी सनदेला धक्का लागत नाही. महाराष्ट्रातील डॉक्टरास मात्र नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 30 गुणांकांचे शिक्षण दाखवावे लागते. न्यायाधीशांसाठी भोपाळला राष्ट्रीय न्यायिक अकादमी आहे. उच्चासनावर बसणाऱ्याने शिकावे आणि त्याच्यापुढे युक्तिवाद करणाऱ्याने न शिकले तरी चालावे, ही व्यवस्था मला तरी विचित्र वाटते.

मी राहतो त्या बेंगळुरूत कायद्याच्या शिक्षणाचा मोठा प्रयोग झाला. डॉ. एन. आर. माधव मेनन यांच्या संचालकत्वाखाली येथील राष्ट्रीय विधि विद्यालयात 1988 मध्ये पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम सुरू झाला आणि पुढे देशभर त्याचे अनुकरण झाले. वकिलीत प्रवेश करण्याची वाट त्याने पुष्कळ सुधारली. परंतु विद्यालयातील वर्षे पाच, आणि वकिलीची चाळीस!

सक्तीच्या आड अधिकाराचा प्रश्न येई. सनदेपूर्वीच्या प्रशिक्षणाचे बार कौन्सिलचे नियम सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये, कायद्याने तसा अधिकार दिलेला नाही म्हणून, रद्द केले होते. पण 2023 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो दृष्टिकोन अमान्य करून बार परीक्षा वैध ठरवली. तेव्हा ती सबब पूर्वीइतकी भक्कम राहिलेली नाही, असे मला वाटते.

केवळ तास मोजून विद्या येते, असे मात्र नव्हे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने 1975 मध्ये ही सक्ती केली. तेथे तीन वर्षांत 45 तास भरावे लागतात. इंग्लंडमधील सॉलिसिटरांवरचे तासांचे बंधन उलट 2016 मध्ये उठले. आपल्याला काय शिकायला हवे हे ओळखून ते शिकल्याचे प्रतिज्ञापन त्यांनी दरवर्षी करायचे असते. मागच्या बाकावर डुलक्या घेऊनही तास भरतात, हे कोणत्याही सरकारी प्रशिक्षणवर्गाला गेलेल्या माणसास सांगायला नको.

अज्ञानाची किंमत वकील देत नाही, पक्षकार देतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे मोबाईलमधील संदेश पुराव्यात आणताना विहित प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचे दोन भाग आहेत, आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा आहे. वकिलाला हे ठाऊक नसेल, तर खरा संदेशही कुचकामी ठरू शकतो. आणि दोष कोठे होता, हे शेतावरून तारखेला आलेल्या माणसाला कधी कळतही नाही.

म्हणून सक्ती करायचीच, तर शिकवणीने वकिलाकडे जावे. निपाणीच्या किंवा चंदगडच्या वकिलाने दोन दिवसांची कामे बुडवून बेंगळुरूला वा मुंबईला इंग्रजी व्याख्याने ऐकण्यास यावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. तालुक्याच्या न्यायालयातील बाररूम, कामकाज आटोपल्यानंतरची एक संध्याकाळ, आणि मराठीत किंवा कन्नडमध्ये समजावून सांगणारा एखादा जाणता ज्येष्ठ वकील, एवढ्यावर प्रारंभ करता येईल.