सही नंतर, आधी कागद!

जुन्या पुस्तकांच्या बाजारात दोन गोष्टींसाठी संग्राहक जीव टाकतात: हप्त्याहप्त्यानं निघालेली पहिली आवृत्ती आणि लेखकाची सही. पहिलीची नक्कल करणं महाकठीण. दुसरीची मात्र सर्रास होते! या दुनियेतल्या काही भन्नाट गोष्टी.

शिलिंगला एक भाग
डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ १८३६-३७मध्ये लंडनमध्ये दरमहा निघायची. हिरवं कागदी वेष्टन, किंमत एक शिलिंग. सुरुवातीला छापल्या हजारभर प्रती. सॅम वेलर हे पात्र कथेत आलं आणि शेवटी खप चाळीस हजारांवर गेला. त्यामुळे शेवटचे भाग सहज सापडतात, पहिले मात्र हुडकावे लागतात.

जाहिराती काढल्या, किंमत गेली
सगळे भाग जमले की लोक ते बांधून घेत आणि बाइंडर वेष्टनं, जाहिराती काढून टाकत. आजचा संग्राहक नेमकी तीच पानं आधी मोजतो.

पाटीवरचं एक अक्षर
‘पिकविक’च्या सचित्र शीर्षकपानावर एका खाणावळीची पाटी दिसते. तिच्यावरचं इंग्रजी ‘वेलर’ ‘व्ही’नं सुरू होत असेल तर छपाई आधीची, ‘डब्ल्यू’नं होत असेल तर नंतरची. भिंग घेऊन बघाच!

होम्सचा जन्मदाखला
शेरलॉक होम्स पहिल्यांदा अवतरला तो १८८७च्या ‘बीटन्स ख्रिसमस अ‍ॅन्युअल’मध्ये. अंकाची किंमत शिलिंगभर, लेखक डॉयलला मिळाले सगळे मिळून २५ पौंड. आज या अंकाच्या जेमतेम तीस-पस्तीस प्रती माहीत आहेत.

क्लिओपात्रा लिहिते फ्रेंचमध्ये
फ्रान्सच्या व्रँ-ल्युकानं मिशेल शाल या नामवंत गणितज्ञाच्या गळ्यात हजारो बनावट पत्रं मारली. त्यात क्लिओपात्रानं सीझरला लिहिलेलं पत्रही होतं, तेही फ्रेंचमध्ये! १८७०मध्ये ल्युकाला दोन वर्षांची कैद झाली.

बनावटीचीही बनावट
विल्यम हेन्री आयर्लंड जुन्या पुस्तकांतली कोरी पानं मिळवून त्यांवर शेक्सपिअरच्या सह्या ‘काढत’ असे. १७९६मध्ये बिंग फुटलं. मग त्याच्या बनावट कागदांनाच मागणी आली आणि त्यानं त्यांच्याही नकला करून विकल्या.

गवतानं पकडला चोर
थॉमस वाइज हा इंग्लंडमधला ग्रंथसंग्राहकांचा बादशहा. नामवंत कवींच्या, कुणालाच ठाऊक नसलेल्या ‘पहिल्या आवृत्त्या’ तो बाजारात आणायचा. जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोन तरुण ग्रंथविक्रेत्यांनी या पुस्तिकांचा कागद सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतला आणि १९३४मध्ये निष्कर्ष छापले. काही पुस्तिकांवर छापलेली सालं १८६०च्याही आधीची. त्यांतल्या काहींच्या कागदात धागे मात्र एस्पार्टो गवताचे, जे इंग्लंडच्या कागदात आलंच १८६१च्या सुमारास. कागदानं साक्ष दिली आणि वाइजची पत धुळीला मिळाली.

यंत्राची सही
२०२२मध्ये बॉब डिलनच्या पुस्तकाच्या ९०० ‘स्वाक्षरीत’ प्रती ५९९ डॉलरला एक अशा विकल्या गेल्या. सह्या यंत्रानं केलेल्या निघाल्या. प्रकाशकाला पैसे परत करावे लागले.

खोटी कशी ओळखायची?
माणूस सही झरझर करतो; नक्कल करणारा ती जपून काढतो. भिंगाखाली रेघ थरथरलेली दिसते, मध्येच पेन उचललेलं कळतं. दोन सह्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या तर संशय घ्याच. एका हाताच्या दोन सह्या कधीच हुबेहूब नसतात.

आणि आपल्याकडे?
हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ आधी १८९०पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली, पुस्तक नंतर. म्हणून आजोबांच्या ट्रंकेत जुने सुटे अंक सापडले तर रद्दीवाल्याला देऊ नका. बांधायला दिलेत तर बाइंडरला बजावून सांगा: मुखपृष्ठ आणि जाहिराती काढायच्या नाहीत. सही नसली तरी चालेल, अंक पुरा हवा!