पोटातलं बाळ आणि पाण्यातली आई

पाण्यात उतरून घर चालवणाऱ्या बाया साकोली परिसराला नव्या नाहीत. इथल्या मामा तलावांत ढिवर समाजाच्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या मासोळी धरत, शिंगाडे काढत आल्या आहेत. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर अशाच कष्टकरी स्त्रिया आहेत. त्यांना ‘हेन्यो’ म्हणतात. ऑक्सिजनची टाकी न घेता, केवळ श्वास रोखून त्या दहा मीटरपर्यंत बुडी मारतात आणि शिंपले, समुद्री शेवाळ गोळा करतात. २०१६ मध्ये युनेस्कोने या परंपरेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

विशेष म्हणजे या स्त्रिया गरोदरपणातही, अगदी दिवस भरत आले तरी बुड्या मारत. श्वास रोखला की रक्तदाब वाढतो आणि गरोदरपणात वाढलेला रक्तदाब आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. मग यांना हे झेपले कसे?

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हेन्यो, जेजूतील इतर स्त्रिया आणि सोलच्या स्त्रिया यांची तुलना झाली. थंड पाण्यात चेहरा बुडवून श्वास रोखला की प्रत्येकाच्याच हृदयाचे ठोके मंदावतात. हेन्योंचे ठोके मिनिटाला सरासरी १९ ने, तर बुड्या न मारणाऱ्या जेजूच्या स्त्रियांचे १३ ने कमी झाले. हा फरक आयुष्यभराच्या सरावाचा. दुसरी गोष्ट मात्र जन्मजात निघाली. बुडीच्या वेळी रक्तदाब फार चढू न देण्याशी संबंधित असलेला एक जनुकीय बदल जेजूच्या लोकांत सोलच्या तुलनेत सुमारे चौपट आढळला. गरोदर स्त्रियांना त्याचे संरक्षण मिळाले असावे आणि म्हणून तो पिढ्यांमधून टिकला असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे. तो अजून सिद्ध झालेला नाही.

‘आमच्या आज्या शेवटच्या दिवसापर्यंत पाण्यात राबल्या, त्यांना काही झालं नाही,’ असे आपल्याकडे सहज बोलले जाते. पण ज्यांना झाले, त्या सांगायला उरल्या नाहीत. जेजूच्या स्त्रियांची जनुकीय ठेवण आपल्याकडे आहे, असे मानायला काही आधार नाही. कष्टाची सवय म्हणजे रक्तदाबापासून संरक्षण नव्हे.

गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, तर लगेच डॉक्टरांचा सल्ला घ्यायला हवा. सतत डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा धूसर दिसणे, चेहरा व हात सुजणे, छातीखाली पोटात दुखणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अनेकदा मात्र कोणतेच लक्षण दिसत नाही. मोजल्याशिवाय रक्तदाब कळत नाही, तो याचमुळे.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची तपासणी मोफत होते. घरची सून, लेक रोवणीला जात असो की तलावात, त्या दिवशी तिचे काम दुसऱ्या कोणी करावे आणि तिला दवाखान्यात न्यावे.