अंगात मुरलेले विष



आपल्या बत्तीस शिराळ्याचं नाव काढलं की परमुलखातला माणूस पहिल्यांदा नागाचंच विचारतो. नागाला भाऊ मानणारी आपली माणसं, भीती तशी कमीच. पण त्यातूनच एक घातक समजूत चालत आली आहे : "मला एकदा चावलाय, विष अंगात मुरलंय, आता बाधत न्हाई." उसाच्या फडात वाकणाऱ्यांसाठी म्हणून हे लिहिणे भाग आहे.

विष पचवता येते. पण घोड्याला, आणि तेही बेताबेताने. मुंबईत परळला 1899 साली प्लेगच्या कामासाठी सुरू झालेल्या, पुढे हाफकिन नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने सर्पदंशावरचे औषध असेच तयार केले. घोड्याला आधी अगदी कणभर विष टोचतात, मग थोड्या थोड्या दिवसांनी मात्रा वाढवीत नेतात. काही महिन्यांनी, एरवी घोडा आडवा झाला असता एवढे विष तो सोसतो. कारण त्याच्या रक्तात विषाला धरून निकामी करणारी प्रतिद्रव्ये तयार झालेली असतात. तीच काढून, शुद्ध करून कुपीत भरतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर हे एकच औषध.

आता आपले बघा. साप काही मोजून देत नाही. एका दंशाने भरवशाची ताकद येत नाही, आणि नागाविरुद्ध आली तरी ती घोणशीला लागू पडेलच असे नाही. उलट काहींच्या शरीराला विषाचे वावडे होऊन दुसरा दंश जास्त भोवतो. मग पहिल्या वेळी वाचला कसा? पुष्कळदा साप चावतो, पण विष सोडतच नाही. श्रेय मात्र कडुलिंबाच्या पाल्याला नाहीतर मांत्रिकाला!

दुसरी तक्रार, "इंजेक्शनानंच जास्त झालं." यात तथ्य आहे. घोड्याची प्रथिने आपल्या शरीराला परकी. कुणाला खाज, गांधी, थंडी, क्वचित धाप लागते. डॉक्टर सलाईन थांबवून अॅड्रिनलिन देतात आणि त्रास ओसरला की पुन्हा सुरू करतात. अशा वेळी रोग्याला उचलून घरी आणू नये. लहान पोराला निम्मे औषध द्या, असाही आग्रह नको. सापाने त्याला विष काही निम्मे दिलेले नसते.

पट्टा आवळू नका, चिरा देऊ नका, चावलेला हात-पाय न हलवता थेट सरकारी दवाखाना गाठा. पूर्वी हे औषध घेतले असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.