‘सोडविणे’ आणि ‘सोडणे’ : वेश्याव्यवसायातून बाहेर पडणाऱ्या स्त्रीच्या आधाराचा प्रश्न

वेश्याव्यवसायातून स्त्रीला ‘सोडविणे’ आणि तिने स्वतः तो ‘सोडणे’ या दोन क्रियापदांतील भेद केवळ व्याकरणाचा नाही. पहिल्या क्रियेचा कर्ता पोलीस, संस्था वा न्यायालय असते. दुसऱ्या क्रियेची कर्ती ती स्त्री स्वतः असते. भारतातील पुनर्वसनविषयक विचार दीर्घकाळ पहिल्या क्रियापदाभोवती फिरत राहिला. दुसऱ्या क्रियापदाला त्यात कितपत स्थान मिळाले, याचा येथे परामर्श घ्यावयाचा आहे.

१९५६ चा मूळ कायदा १९८६ च्या दुरुस्तीनंतर अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच्या कलम १७ नुसार, छाप्यात सापडलेल्या स्त्रीची चौकशी करून दंडाधिकारी तिला एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवू शकतो. कलम १९ नुसार, अशी व्यक्ती स्वतःहूनही संरक्षणगृहात राहण्यासाठी किंवा न्यायालयाने काळजी व संरक्षण पुरवावे यासाठी अर्ज करू शकते. म्हणजे बाहेर पडू इच्छिणारीसाठी कायद्याने दार ठेवले आहे. परंतु ते दार ज्या वास्तूत उघडते, तिथेच दुसरी एखादी स्त्री तिच्या मर्जीविरुद्ध ठेवलेली असू शकते. एकीचा आश्रय हा दुसरीचा बंदिवास ठरत असेल, तर त्या दाराशी जाण्यास कोणीही कचरेल. शिवाय याच कायद्याची कलमे ७ व ८ तिला शिक्षेस पात्र ठरवू शकतात. ज्याच्याकडे मदत मागावयाची, त्याचेच भय वाटावे, अशी ही स्थिती आहे.

या विचाराला वळण मिळाले ते बुद्धदेव कर्मास्कर विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात. कोलकात्यातील एका वेश्येच्या खुनाबद्दलचे आरोपीचे अपील फेब्रुवारी २०११ मध्ये फेटाळल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून पुनर्वसनाचा प्रश्न हाती घेतला आणि त्याच वर्षी एक समिती नेमली. समितीपुढील विषयांपैकी एक होता, ‘हा व्यवसाय सोडू इच्छिणाऱ्या’ स्त्रियांचे पुनर्वसन. ‘इच्छिणाऱ्या’ हे विशेषण येथे निर्णायक आहे. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन सज्ञान स्त्रियांची संरक्षणगृहातून मुक्तता करताना त्यांच्या निवडीचा हक्क मान्य केला. १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने संरक्षणगृहांची पाहणी करून मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांच्या प्रकरणांचा ठरावीक मुदतीत निपटारा करण्यास राज्यांना सांगितले.

तथापि इच्छा असली म्हणजे वाट मिळतेच असे नाही. घरवालीचे वा सावकाराचे कर्ज डोक्यावर असते. विकत आणलेल्या मुलीच्या बाबतीत तिच्यासाठी मोजलेली किंमतच तिच्या नावे कर्ज म्हणून मांडली जाते. बचत ठेवण्यास सुरक्षित जागा नसेल, तर ते फिटत नाही. कोलकात्याच्या सोनागाची वस्तीत १९९५ मध्ये स्थापन झालेल्या उषा सहकारी संस्थेचे महत्त्व याच संदर्भात ध्यानी येते. दुसरी अडचण ओळखपत्राची. निवासाचा पुरावा नाही म्हणून शिधापत्रिका नाही, बँकखाते नाही, भाड्याची खोलीही नाही. २०२२ च्या आदेशाने राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना वा राज्याची एड्स नियंत्रण संस्था यांतील अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर, गोपनीयता राखून, आधारपत्र देण्याची सोय केली, ती म्हणूनच मूलगामी होय. तिसरी अडचण मुलांची. कामाठीपुऱ्यात ‘प्रेरणा’ संस्थेने १९८८ मध्ये सुरू केलेल्या रात्रनिवारा केंद्राने दाखवून दिले, की आई व्यवसायात असतानाच मुलांच्या संरक्षणाची व्यवस्था करता येते. तिने आधी व्यवसाय सोडावा, ही अट आवश्यक नाही.

उरतो उपजीविकेचा प्रश्न. शिवणकामाच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हाती येते, पण शिकण्याच्या काळात गावाकडे पाठवावयाचे पैसे थांबत नाहीत. प्रशिक्षणासोबत निर्वाहभत्ता, राहण्याची जागा आणि औषधोपचार नसतील, तर ती स्त्री परत फिरते आणि पुनर्वसनाच्या अपयशाचा दोष तिच्याच माथी मारला जातो. वास्तविक ‘सोडणे’ ही एका दिवसाची घटना नव्हे. ती अनेकदा खंडित होणारी आणि पुन्हा सुरू होणारी प्रक्रिया होय. परत आलेल्या स्त्रीला दुसऱ्यांदाही त्याच सन्मानाने आत घेणारी व्यवस्था असेल, तरच ‘इच्छिणाऱ्या’ या शब्दाला कायद्याच्या कागदाबाहेर अर्थ प्राप्त होईल.