मामाच्या मळ्यातला ‘ळ’

इन्स्टावर हल्ली कुठलाही ‘होममेड’ ब्रँड उघडा. लोणचं असो, साबण असो नाहीतर मातीचे दिवे, नावाची अक्षरं ठरलेली! जरा वाकडी, कडा खडबडीत, मधेमधे रंग उडालेला. जणू कुणी जुन्या फळीवर ब्रशनं लिहिलंय. डिझाइनवाले याला ‘रस्टिक’ फॉन्ट म्हणतात, आपण म्हणू गावरान. मीसुद्धा या फॉन्टच्या जाम प्रेमात होते. गेल्या दिवाळीपर्यंत.

झालं असं, की माझ्या मैत्रिणीच्या मामानं घरचा कांदा-लसूण मसाला विकायला काढला. नाव ठरलं ‘मामाच्या मळ्यातला मसाला’. लेबल करायचं काम अर्थातच आम्हा दोघींकडे, कारण ‘तुम्ही तेच शिकता ना?’ एका वेबसाइटवरून फुकटातला गावरान फॉन्ट उतरवला, नाव टाइप केलं, लाल मिरचीचा फोटो लावला. एका तासात लेबल तयार. आम्ही खूश.

प्रिंट आल्यावर

प्रिंट हातात आली तेव्हा पहिला धक्का बसला. सगळी अक्षरं खडबडीत आणि मधलाच ‘ळ’ एकदम गुळगुळीत, ऑफिसच्या नोटिशीतून पळून आल्यासारखा. त्या फॉन्टमध्ये ‘ळ’ बनवलेलाच नव्हता. अशा वेळी कॉम्प्युटर गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधलं अक्षर आणून बसवतो आणि स्क्रीनवर घाईत ते लक्षात येत नाही.

दुसरी गोष्ट मामाच्या बारक्या मुलीनं दाखवली. ‘ताई, चारही म ला एकाच जागी भेग कशी गं?’ बरोबर होतं तिचं. हातानं चार वेळा ‘म’ लिहिला तर चार वेगळे ‘म’ येतात. साधा फॉन्ट एकच ‘म’ चार वेळा छापतो. चांगल्या फॉन्टमध्ये एका अक्षराची दोन-तीन रूपं असतात आणि ती आलटून पालटून येतात. आमच्यात ती सोय नव्हती. हाताचं म्हणून जे दाखवत होतो, ते मशीनचं आहे हे एका शाळकरी मुलीनं दोन मिनिटांत ओळखलं!

तिसरा धक्का सगळ्यात महागाचा ठरला असता. फॉन्टच्या फाइलसोबतची सूचना आम्ही तेव्हा कुठे वाचली: फक्त वैयक्तिक वापरासाठी. म्हणजे वाढदिवसाच्या कार्डवर चालेल, विकायच्या पाकिटावर नाही.

‘भेगा कशाला पाडता?’

मामा म्हणाला, ‘गावातल्या पेंटरला विचारा की.’ हे काका पूर्वी शाळेच्या भिंती, दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायचे. फ्लेक्स आला आणि काम आटलं. आता घरांना रंग देतात. आम्ही त्यांना मोबाइलवर आमचा फॉन्ट दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘आम्ही जन्मभर भेग पडू नये म्हणून खाली अस्तर मारत आलो. तुम्ही मुद्दाम भेगा कशाला पाडता?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही ज्याला ‘गावरान लूक’ म्हणत होतो, ती त्यांच्या लेखी खराब झालेली पाटी होती. त्यांचं कसब भेगांमध्ये नव्हतंच. ते होतं ‘ळ’च्या गाठीत, ‘ल’च्या पाकळीत, एका दमात ओढलेल्या शिरोरेषेत. त्यांनी जाड कागदावर तेच नाव तीनदा लिहून दिलं. पैसे विचारले तर म्हणाले, ‘एका नावाचे काय घ्यायचे?’ आम्ही आग्रहानं दीड हजार दिले आणि लेबलच्या मागे ‘अक्षरं’ असं लिहून त्यांचं नाव छापलं. खरं सांगायचं तर आमच्या बजेटमध्ये बाटलीचे, प्रिंटचे, फोटोचे पैसे होते. अक्षरांचे शून्य होते.

मग फॉन्ट वापरायचाच नाही?

असं अजिबात नाही. दरवेळी पेंटर कुठून आणणार? पण फॉन्टमागेही कुणाचा तरी हात असतो, एवढं लक्षात ठेवलं की निवड बदलते. दिल्लीतल्या हनीफ कुरेशी यांनी ‘हँडपेंटेड टाइप’ हा प्रकल्प सुरू केला होता. रस्त्यावरच्या पेंटर्सची अक्षरं डिजिटल करायची आणि फॉन्टला त्या पेंटरचंच नाव द्यायचं. ‘पेंटर कफील’ हा त्यातलाच. कुरेशी 2024 मध्ये गेले, पण ती अक्षरं राहिली.

देवनागरीत आपल्यासाठीही बरंच आहे. मुंबई लोकलच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून कॅथरीन ली श्मिट यांनी ‘यात्रा वन’ केला. ‘एक टाइप’चा ‘मोदक’ नावाप्रमाणेच गुबगुबीत. हस्ताक्षराचा फील हवा तर ‘कलम’ आहे. हे सगळे गूगल फॉन्ट्सवर खुल्या परवान्याखाली मिळतात, म्हणजे धंद्यासाठीही वापरता येतात.

डाउनलोडच्या आधी

• नावातली सगळी अक्षरं टाइप करून बघा. ळ, ऱ्य, क्ष, ज्ञ, रफार इथेच फॉन्ट दगा देतो. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का, तेही बघा.
• परवाना वाचा. ‘फ्री’ म्हणजे विक्रीसाठी फ्री, असं नसतं.
• गावरान फॉन्ट फक्त नावाला. घटक, किंमत, तारीख ‘मुक्ता’सारख्या साध्या फॉन्टमध्ये. आजीलाही ते वाचता यायला हवं.
• वस्तू खरंच हातची आहे का? फॅक्टरीतल्या बिस्किटाला भेगाळलेली अक्षरं म्हणजे चक्क थाप.
• बजेटमध्ये अक्षरांसाठी एक ओळ ठेवा.

मसाल्याची दुसरी बॅच आता संपत आलीय. मामा सांगत होता, शेजारच्या गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्यानं लेबलवरचं नाव वाचून काकांना पाटी लिहायला बोलावलं. पत्र्यावर, ब्रशनं. काकांनी आधी अस्तर मारलं म्हणे. भेग पडायला नको!