पंखा फिरतोय, हे यूपीएसला कळतं कसं?

लाइट गेली! ट्यूब विझल्या, छताचा पंखा मंदावला. पण शाळेच्या लॅबमधला कॉम्प्युटर मात्र चालूच. ही करामत यूपीएसची, हे तुम्हाला ठाऊकच आहे. साधा यूपीएस साधारण १० मिलिसेकंदांच्या आत बॅटरीवर जातो. आतून 'टक्' आवाज येतो ना, तो रिले नावाच्या स्विचचा. एवढ्या वेळात आपली पापणीसुद्धा मिटून होत नाही!

पण आज मला सांगायचंय ते यूपीएसच्या पाठीमागच्या छोट्या पंख्याबद्दल. घरच्या लहान यूपीएसला बहुधा तो नसतो. लॅबमधल्या मोठ्याला असतो. जाळीपासून जरा दूर तळहात धरून बघा. (जाळीत पेन्सिल किंवा बोट मुळीच घालायचं नाही.) कोमट वारा लागतो. ही उष्णता आली कुठून? बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहणारी, डीसी. कॉम्प्युटरला हवी २३० व्होल्टची, दिशा बदलणारी एसी. हा बदल करताना आतले ट्रान्झिस्टर सतत चालू-बंद होतात आणि थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. 'ऑनलाइन' जातीचे यूपीएस तर लाइट असतानाही दिवसरात्र हेच काम करतात: एसीची डीसी, डीसीची पुन्हा एसी. म्हणून त्यांचा पंखा सहसा थांबतच नाही.

उष्णतेचा सगळ्यात जास्त त्रास होतो बॅटरीला. तिच्याभोवतीचं तापमान १० अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. चार वर्षं टिकणारी बॅटरी दोन वर्षांतच दमते! आणि पंखा काही हवा गार करत नाही. आतली गरम हवा बाहेर जाते आणि खोलीतली आत येते, एवढंच. खोलीच ४० अंशांवर असेल, तर यूपीएसचं पोट त्याहून थंड होणार नाही.

आता पंखा हातात घेऊन बघू. फिरवायला दोन तारा पुरतात, लाल आणि काळी. मग ही तिसरी कशाला? ती बहुतेक वेळा पिवळी असते, आणि तिची गोष्ट मला फार आवडते.

पात्यांच्या मधल्या गोल डबीत आतून चुंबकाचं कडं बसवलेलं असतं. त्याच्या आत तारेची वेटोळी असतात आणि त्यांच्याजवळ तांदळाच्या दाण्याएवढा एक सेन्सर. एडविन हॉल नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने १८७९ साली सोन्याच्या पातळ वर्खातून वीज सोडली, वर्ख चुंबकाजवळ धरला, आणि त्याच्या दोन कडांमध्ये बारीकसा व्होल्टेज दिसला! आपला सेन्सर याच शोधावर चालतो. चुंबकाचा उत्तर ध्रुव समोर आला की दक्षिण, हे त्याला कळतं. त्यावरून वेटोळ्यांतली वीज बदलते आणि पंखा फिरत राहतो. तीच खबर पिवळ्या तारेतून बाहेर येते, सहसा एका फेरीला दोन ठोके. पंखा मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला १०० ठोके. ठोके थांबले, की यूपीएस 'पीं पीं' सुरू करतो.

पंखे बंद का पडतात? मुख्यतः धूळ आणि बेअरिंगमधलं वाळलेलं तेल. आधी घरघर ऐकू येते, मग गती कमी होते, मग पंखा अडकतो. मात्र पंखा थांबला म्हणजे बिघडलाच असं नाही. काही यूपीएस तापल्यावर किंवा बॅटरीवर गेल्यावरच तो चालू करतात.

यूपीएस उघडायचं काम मात्र दुरुस्तीवाल्या काकांचंच. प्लग काढला तरी आत बॅटरी असते, कपॅसिटरमध्येही वीज साठलेली असते, आणि जोराचा शॉक बसू शकतो. काका आधी यूपीएस बंद करतात, प्लग काढतात, झाकण उघडून बॅटरीची तार सोडवतात, कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करतात आणि मगच पंख्याला हात लावतात. पातं बोटाने ढकलून बघतात: सहज फिरायला हवं. मग लेबल वाचतात. १२ व्होल्टच्या जागी २४ व्होल्टचा पंखा बसवला तर तो रेंगाळेल किंवा फिरणारच नाही. चौकटीवरचा छोटा बाणही बघतात. तो वारा कुठल्या बाजूला जाणार ते सांगतो.

आणि कधी गंमत होते. नवा पंखा झकास फिरतोय, वाराही येतोय, तरी 'पीं पीं' चालूच! का बरं? नव्या पंख्याला दोनच तारा असतील, तर यूपीएसला ठोके मिळणार कुठून? तारा तीन असल्या तरी अडचण येऊ शकते. काही पंख्यांची तिसरी तार ठोके देत नाही; पंखा अडकला तरच ती इशारा देते. ठोक्यांची वाट बघणाऱ्या यूपीएसला हा पंखा बंदच वाटतो. म्हणून काका जुन्या पंख्याच्या लेबलवरचा लांबलचक नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत उतरवून घेतात आणि मगच दुकानात जातात.