पिंजऱ्यातील पक्ष्यांचे पचनविकार आणि वनस्पतिज उपचार

पिंजऱ्यातील पक्ष्याची विष्ठा पातळ झाली, त्याने दाणे खाण्याचे सोडले किंवा खाल्लेले ओकून टाकले, की पाळणाऱ्याचा हात साहजिकच स्वयंपाकघरातील फडताळाकडे वळतो. ओव्याचे पाणी, हळद, लसूण, डाळिंबाची साल, इसबगोल, सुंठ ही मनुष्याच्या पोटाची परिचित औषधे होत. ती अल्प प्रमाणात पक्ष्यालाही लागू पडतील, निदान अपाय तरी करणार नाहीत, असे गृहीत धरले जाते. या समजुतीच्या मुळाशी दोन कल्पना आहेत. पक्ष्याचे पोट ही मनुष्याच्या पोटाचीच लहान आवृत्ती होय, ही एक. आणि वनस्पतिज द्रव्य स्वभावतःच सौम्य असते, ही दुसरी. तपासून पाहिले असता दोन्ही टिकत नाहीत. तथापि तेवढ्यावरून हे सर्वच उपचार निरर्थक ठरवणे शास्त्रीय वृत्तीस धरून होणार नाही. कोणते अनुमान कोठपर्यंत चालते, हा येथील खरा प्रश्न आहे. आणि ३५ ग्रॅम वजनाच्या प्राण्याच्या बाबतीत त्याचे चुकीचे उत्तर एका दिवसात जिवावर बेतू शकते.

प्रस्तुत विवेचन मुख्यतः बजरीगर या पक्ष्यास समोर ठेवून केले आहे. महाराष्ट्रात ज्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हटले जाते तो बहुधा हाच असतो. वस्तुतः लव्हबर्ड हा आफ्रिकेतील निराळा पक्षी, आणि बजरीगर हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांतील लहान पोपट. जॉन गूल्ड यांनी १८४० साली तो जिवंत स्थितीत इंग्लंडमध्ये नेला आणि तेथून तो जगभर पसरला. आपल्याकडील हिरवा कंठवाला पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या विरुद्ध असल्याने पाळीव पक्षी म्हणून त्याचा विचार येथे प्रस्तुत नाही.

पक्ष्याला दात नसतात. चोचीतून गेलेला दाणा प्रथम अन्ननलिकेच्या फुगीर भागात, म्हणजे अन्नपुटात, साठतो व भिजतो; मग ग्रंथिल जठरात त्यावर अम्ल व पाचक रस यांची क्रिया होते; नंतर पेषणीच्या जाड स्नायूंत तो दळला जातो. पुढे लहान आतडे, आखूड मोठे आतडे आणि शेवटी अवस्कर, जेथे विष्ठा व मूत्र एकत्र येतात. लहान पोपटात हा सर्व प्रवास काही तासांतच उरकतो. बजरीगराला पित्ताशय नसते. यकृतातील पित्त थेट आतड्यात उतरते. त्याला अंधनालही नसते. कोंबडीत मात्र दोन चांगल्या विकसित अंधनाल असतात व त्यांत जीवाणूंच्या साहाय्याने किण्वन चालते. हा भेद वरकरणी किरकोळ वाटला तरी पुढील विवेचनात तो निर्णायक ठरणार आहे.

औषधाआधी निदान, हा नियम येथे विशेष कडकपणे पाळावा लागतो. कारण पक्ष्याच्या विष्ठेचे वाचन मनुष्याच्या अनुभवावरून केल्यास हमखास चुकते. पक्ष्याच्या एका विसर्जनात तीन भाग असतात : आतड्यातून आलेला घट्ट, हिरवट वा तपकिरी भाग, यूरिक अम्लाच्या क्षारांचा पांढरा भाग, आणि पाण्यासारखे मूत्र. काकडी, पेरू किंवा ओली पालेभाजी भरपूर खाल्लेल्या पक्ष्याचे मूत्र वाढते आणि पिंजऱ्याच्या तळाचा कागद भिजून जातो. पाळणारा यालाच अतिसार समजतो. परंतु घट्ट भागाचा आकार शाबूत असेल तर तो अतिसार नव्हे, बहुमूत्रता होय. तिचे कारण आहारात नसेल तर मूत्रपिंडात किंवा अन्यत्र शोधावे लागते. अशा पक्ष्याला डाळिंबाची साल उकळून पाजणे म्हणजे नसलेल्या रोगावर औषध देणे. शिवाय त्या सालीतील टॅनिने प्रथिनांशी बद्ध होतात. टॅनिनयुक्त ज्वारीमुळे कोंबड्यांतील प्रथिनांचे पचन घटते हे पशुपोषणशास्त्रात सुपरिचित आहे. अर्थात् निरोगी पक्ष्याचे पोषण या उपचाराने कमीच होणार.

ओकारीचीही हीच गोष्ट. नर बजरीगर आरशातील आपल्या प्रतिबिंबाला मादी समजून तिला भरवण्यासाठी अन्नपुटातील दाणे वर आणतो. हे प्रणयाराधन आहे, विकार नव्हे; त्यावर आल्याचा रस देण्यापेक्षा आरसा काढून घेणे श्रेयस्कर. याउलट मान झटकून डोक्याची पिसे चिकट करणारी ओकारी आणि विष्ठेत दिसणारे अखंड दाणे ही गंभीर लक्षणे होत. ‘अग्निमांद्य’ म्हणून त्यांवर ओव्याची योजना करण्याचा मोह होतो. पण अखंड दाणे पडण्याच्या कारणांपैकी एक म्हणजे ग्रंथिल जठर फुगवणारा असा रोग, की ज्यात पचनमार्गाच्या मज्जातंतूंनाच इजा झालेली असते. त्याच्या मुळाशी असलेला बोर्नाविषाणू २००८ साली ओळखला गेला. तेथे दीपक व पाचक द्रव्यांना करण्यासारखे फारसे काही उरत नाही.

दुसरे कारण बजरीगरांत फार आढळते आणि वनस्पतिज उपचारांच्या दृष्टीने ते अधिक उद्बोधक आहे. ग्रंथिल जठर व पेषणी यांच्या संधिभागात लांबट काडीसारखा एक सूक्ष्मजीव वाढतो. पक्षी सतत खात असतो आणि तरीही झिजत जातो. या जीवास दीर्घकाळ मोठ्या आकाराचा जीवाणू समजून ‘मेगाबॅक्टेरिया’ म्हटले जाई. तो वस्तुतः यीस्ट आहे हे सिद्ध होऊन २००३ साली त्याचे ‘मॅक्रोऱ्हॅब्डस ऑर्निथोगॅस्टर’ असे नामकरण झाले. त्यावर सफरचंदाचे शिर्के पाण्यात मिसळून देण्याचा उपाय पक्षिपालकांत लोकप्रिय आहे. अम्लाने जंतू मरतात, हे त्यामागील तर्कशास्त्र. परंतु प्रयोगशाळेत हे यीस्ट वाढवले गेले तेव्हा त्याला मानवणारे माध्यम चांगलेच अम्लधर्मी, सुमारे ३ ते ४ सामू असलेले, आढळले. आणि ते साहजिकच आहे, कारण जठराच्या अम्लातच त्याचा वास. ज्या अम्लात तो सुखाने नांदतो त्याची आणखी थोडी भर घालून तो नष्ट होईल, ही अपेक्षा मुळातच दुबळी ठरते. सूक्ष्मदर्शकाखाली विष्ठा तपासून निदान आणि अँफोटेरिसिन-बी या बुरशीनाशकाचा उपचार, हाच येथील प्रस्थापित मार्ग होय. शिर्क्याच्या भरवशावर गेलेला आठवडा पक्ष्याला परत मिळत नाही.

आता या उपचारांचे ज्ञान येते कोठून, हे पाहणे आवश्यक आहे. आपल्याकडील पशुवैद्यकाची परंपरा प्रामुख्याने हत्ती आणि घोडे यांच्याभोवती वाढली. पालकाप्य व शालिहोत्र ही नावे त्याची साक्ष देतात. पक्ष्यांपैकी राजाश्रय लाभला तो ससाण्यांना. कुमाऊँच्या रुद्रदेवाचा ‘श्यैनिकशास्त्र’ हा ग्रंथ, जो हरप्रसाद शास्त्री यांनी १९१० साली कलकत्त्याहून प्रसिद्ध केला, त्यात शिकारी पक्ष्यांच्या आजारांची व औषधांची चर्चा आहे. तथापि ससाणा मांसाहारी; न पचलेली हाडे व पिसे गोळी करून तोंडावाटे टाकणारा. त्याच्यासाठी योजलेले औषध दाणे दळणाऱ्या पोपटास लावायचे, तर मनुष्यावरून पक्ष्यावर उडी घेताना होते तीच चूक एका पक्ष्यावरून दुसऱ्या पक्ष्याकडे जाताना होते.

अर्वाचीन काळात पुरावा येतो तो कुक्कुटपालनातून. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यास बंदी केली, आणि ओरेगॅनो, थाइम, लसूण, हळद इत्यादींच्या अर्कांवरील संशोधनास मोठी चालना मिळाली. ओव्यातही आढळणारा थायमॉल त्यांपैकीच एक. या द्रव्यांची जंतुविरोधी क्रिया काचपात्रात निर्विवाद दिसते. कोंबड्यांतील परिणाम मात्र खाद्य, मात्रा आणि गोठ्यातील स्वच्छता यांनुसार बदलतात. त्यांतही मोजमाप असते ते कळपाच्या सरासरी वजनवाढीचे, आजारी पक्षी बरा होण्याचे नव्हे. पुन्हा कोंबडीच्या आतड्यातील जीवाणूसृष्टीचा मोठा भाग जेथे वसतो ती अंधनाल बजरीगरात नाहीच. तेव्हा ‘पक्ष्यांवर सिद्ध झालेले’ असे जे म्हटले जाते त्याचा अर्थ बहुधा ‘सहा आठवड्यांच्या ब्रॉयलर कोंबडीत काही प्रमाणात दिसलेले’ एवढाच असतो. विद्यार्थ्याने असा दावा वाचताना प्रथम जाती विचारावी.

मात्रेचा प्रश्न तर अधिकच नाजूक. ६० किलोग्रॅमच्या मनुष्याच्या तुलनेत ३५ ग्रॅमचा बजरीगर सुमारे १७०० पटींनी हलका. एक थेंब म्हणजे ०.०५ मिलिलीटर धरला, तर वजनाच्या प्रमाणात तो मनुष्याच्या ८५ मिलिलीटरांएवढा, म्हणजे सुमारे सतरा चहाचे चमचे होतो. लहान प्राण्याचा चयापचय वेगवान असल्याने हे त्रैराशिक काटेकोरपणे लागू पडत नाही, हे खरे. परंतु ‘एकच थेंब’ ही भाषा किती फसवी आहे, हे दाखवण्यास ते पुरेसे आहे.

वनस्पतिज म्हणजे निरुपद्रवी, या समजुतीस सर्वांत निर्णायक उत्तर ॲव्होकॅडो देतो. आता आपल्या बाजारातही सुलभ झालेले हे फळ मनुष्यास पोषक. पण बजरीगर, कॅनरी आदी पक्ष्यांत ते हृदयाच्या स्नायूंना इजा करून एकदोन दिवसांत मृत्यू आणू शकते. त्यातील पर्सिन या द्रव्याशी हा परिणाम जोडला जातो. कांदा आणि लसूण यांतील गंधकयुक्त संयुगांमुळे तांबड्या पेशी फुटतात. पातीचा कांदा खाल्लेल्या हंसांत हे नोंदले गेले आहे. कबुतरांना जंतांवर म्हणून रोज लसणाची पाकळी घालणाऱ्यांनी याची दखल घ्यावयास हवी.

मिरचीची कथा याच्या उलट, आणि काहीशी मनोरंजक. पोपटाला हिरवी मिरची देण्याची आपली जुनी रीत पाहून त्याच्या सोशिकपणाचे कौतुक केले जाते. वस्तुतः त्याला ती तिखट लागतच नाही. सस्तन प्राण्यांत कॅप्सेसिनने उद्दीपित होणारा जो ग्राही आहे, त्याचे कोंबडीतील रूप कॅप्सेसिनला दाद देत नाही, हे जॉर्ड्ट व ज्यूलियस यांनी २००२ साली दाखवले. पक्षी बिया न चावता दूरवर टाकतात, उंदरासारखे प्राणी त्या चावून नष्ट करतात. तेव्हा तिखटपणाने एकास दूर ठेवून दुसऱ्यास मोकळीक देणे वनस्पतीच्या हिताचे ठरते. (बिया फोडून खाणारा पोपट या सोयरिकीत कितपत बसतो, हा भाग वेगळा.) मनुष्यात मिरची जठर चाळवते म्हणून पक्ष्यात तसे होईल, असे मात्र यावरून म्हणता येत नाही.

रानातले पोपट वनस्पतींतील विषांशी स्वतः कसा सामना करतात, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. पेरूमधील नदीकाठच्या दरडींवर मकाव व इतर पोपट थव्यांनी येऊन माती खातात. गिलार्डी व सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ॲमेझॉन पोपटांना क्विनिडीन हे अल्कलॉइड दिले असता, सोबत ही माती मिळालेल्या पक्ष्यांच्या रक्तात ते सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळले. सोडियमची गरज हेही मातीभक्षणाचे कारण असल्याचे पुढील निरीक्षणांवरून दिसते. पोपटाच्या आहारात वनस्पतिज विषे ही अपवादात्मक वस्तू नसून नित्याची आहेत. पिंजऱ्यात मात्र ती निवडण्याचे व टाळण्याचे स्वातंत्र्य त्याच्याजवळ नसते.

मग काही उपयोगाचे उरते काय? मर्यादित प्रमाणात, होय. इसबगोलाचा चिकट भुसा फुगून आतड्यातील पदार्थ पुढे ढकलतो. पिंजऱ्याची जस्ताची कल्हई किंवा शिशाचा कण गिळलेल्या पक्ष्यात, मूळ विषबाधेच्या उपचारासोबत, पशुवैद्य त्याचा वापर करतात. येथे तर्क यांत्रिक आहे. तो पक्ष्यालाही लागू पडतो. तोच भुसा कोरडा दिल्यास अन्नपुटात फुगून बसेल, हे उघड आहे. हाताने भरवलेल्या पिलाचे अन्नपुट रिकामे होईनासे झाले की पपई देतात. पपेन प्रथिने विघटित करते. पण साचलेला लगदा बहुतांशी धान्याच्या पिठाचा असतो, आणि मूळ दोष थंड झालेल्या अन्नाचा किंवा कँडिडा यीस्टचा. यकृतासाठी प्रसिद्ध असलेल्या मिल्क थिसलच्या बाबतीत, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या कबुतरांवरील प्रयोगात अफ्लाटॉक्सिनने होणारी यकृताची इजा तिच्यामुळे रोखली गेली नाही. त्यापेक्षा बुरशी आलेले शेंगदाणे न देणे अधिक गुणकारी.

वनस्पतींचा खरा अधिकार औषधापेक्षा आहारात आहे. केवळ राळा, वरी आणि सूर्यफुलाच्या बिया यांवर वाढलेल्या पक्ष्यास अ-जीवनसत्त्वाचा व कॅल्शियमचा तुटवडा पडतो. अ-जीवनसत्त्वाच्या अभावी तोंड व पचनमार्ग यांचे अस्तर कोरडे, जाड होते आणि तेथे जंतूंना थारा मिळतो. म्हणजे ज्याला पोटाचा आजार म्हटले जाते त्याची तयारी कित्येक महिने आधीपासून झालेली असते. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, गाजर, लाल भोपळा यांतील कॅरोटीन ही उणीव भरून काढते. हे उपाय स्वस्त आहेत, चमत्कारिक नाहीत, आणि म्हणूनच बहुधा त्यांना औषधाची प्रतिष्ठा मिळत नाही. एक अडचण मात्र खरी आहे. दाण्यांवर वाढलेला बजरीगर गाजराचा कीस अन्न म्हणून ओळखतच नाही, आणि दाणे एकदम बंद केल्यास उपाशी राहतो. पाला धुऊन ओलाच पिंजऱ्यात टांगावा, जुने दाणे हळूहळू कमी करावेत, आणि या काळात दररोज सकाळी पक्ष्याचे वजन ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर नोंदवावे. ३५ ग्रॅमचा पक्षी ३२ ग्रॅमवर आला तर बदल थांबवून पशुवैद्याकडे जावे.